सात आठवड्यांचा पत्ता

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन आज तेवीस दिवस झाले. एरवी तुझ्या पत्राला मी दुसऱ्याच दिवशी उत्तर टाकते आणि तू मला चिडवतेस, की या बाईला दुसरा उद्योगच नाही. या वेळी उशीर झाला त्याला कारण आहे. तू एकच काम सांगितलंयस. लेकीच्या डोक्यातून ते विमान काढून टाक, ती तुझं ऐकेल, मावशीच नको म्हणाली म्हटल्यावर हट्ट सोडेल. ते काम मी अजून केलेलं नाही. तिचेही दोन निरोप येऊन पडलेत, कुठली शाळा चांगली, अर्ज कधी भरू, आणि त्यांनाही मी काही कळवलं नाही. मायलेकींना एकदमच टांगून ठेवलंय म्हण ना. हे पत्र दुकानात उघडू नकोस. घरी जा, हातपाय धू, आणि मग निवांत वाच.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. परदेशातून आलेल्या अकरा पोरापोरींची नवी तुकडी माझ्या गळ्यात आहे. त्यांच्या सुरक्षा तपासणीचे निकाल आलेले नाहीत, त्यामुळे सध्या नुसतं वर्गात बसून वारा, ढग, नकाशे आणि इंजिनाची चित्रं. मंजुरीचा कागद आल्याशिवाय परदेशी विद्यार्थ्याने हँगरसमोरची पिवळी रेघ ओलांडायची नाही आणि विमानाला हात लावायचा नाही, हा नियम आपल्या वेळी होता तसाच आजही आहे. रेघ तेवढी दरवर्षी नव्याने रंगवतात. यातली एक मुलगी रोज सकाळी वर्गाच्या आधी येऊन बरोबर रेघेला बुटांची टोकं लावून उभी राहते. आज तिचा सव्विसावा दिवस. थंडीत कशाला कुडकुडतेस म्हणून मी दटावते, ती नुसती हसते. तुलाही तो म्हातारा मेकॅनिक असाच हटकायचा. तू त्याला ऐकवलं होतंस, की माझे पाय रेघेच्या अलीकडे आहेत आणि डोळ्यांना अजून कुणी व्हिसा लावलेला नाही. आठवडाभर तो ते भेटेल त्याला सांगत फिरत होता.

आपण अर्ज भरले ती दुपार आठवते का? बोटांचे ठसे देऊन नुकत्याच परतलो होतो. तिथे तो माणूस तुला सारखा सांगत होता, हात सैल सोडा, सैल सोडा, आणि तुझा हात काही सैल पडेना. घड्याळाचे बारीक स्क्रू धरून धरून बोटं अशी झालीत, असं तू त्याला सांगितलंस आणि तो हसला. हॉस्टेलच्या खोलीत टेबल एक, खुर्ची एक. तू खुर्चीवर आणि मी पालथ्या बादलीवर. मागच्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात ते तारखांसकट लिहायचं होतं आणि मध्ये एकही दिवस मोकळा सोडू नये अशी खाली ठळक सूचना होती. तू घड्याळजीची मुलगी, तुझा एक दिवस इकडचा तिकडे होणार नाही. शाळेच्या सहलीचे चार दिवसही लिहायला निघाली होतीस. मग ते सात आठवडे आले. तू पेन खाली ठेवलंस आणि काय लिहू म्हणून मला विचारलंस. मी म्हटलं, लिही, पण कुणासाठी गेली होतीस ते लिहू नकोस. तू का म्हणून विचारलं नाहीस. इस्पितळाचा पत्ता लिहिलास, शेजारी लिहिलंस की ओळखीच्या एका बाईंच्या शुश्रूषेसाठी राहिले होते. आणि पडताळणीसाठी कुणाला विचारावं या रकान्यात माझं नाव घातलंस, कारण ते अख्खं वर्ष आपण एका खोलीत राहत होतो.

त्या बाई म्हणजे माझी आई. हे तुला मी कशाला सांगायला हवं, तिथे तूच होतीस. पण एकोणीस वर्षांत त्या सात आठवड्यांबद्दल आपण धड एकदाही बोललेलो नाही आणि माझ्या बाजूने ते तू ऐकलेलंच नाहीस, म्हणून पहिल्यापासून लिहिते. लेखी परीक्षांचं वर्ष होतं. तू सगळे पेपर पहिल्या फटक्यात काढून मोकळी झाली होतीस. माझा नेव्हिगेशनचा पेपर दोनदा उडाला होता आणि तिसरी संधी शेवटची होती. त्यातच घरून फोन आला की आईने जेवण सोडलंय, भिंतीशी बोलते, दाराला आतून कडी घालून बसते. बाबा गेल्यापासून तिचं हळूहळू बिनसत चाललं होतं आणि आम्ही घरातले त्याला थकवा म्हणत होतो. मामाने तिला मनाच्या आजारांच्या इस्पितळात ठेवलं. तिथे रुग्णापाशी घरचंच बाईमाणूस हवं असा नियम होता. मी पेपरचं कारण पुढे केलं. तू बॅग भरायला घेतलीस आणि माझा गरम स्वेटर मागून घेतलास, कारण तुझा उसवला होता.

पेपर होता हे खरं, पण ते सगळं खरं नाही. पेपरला पाच आठवडे होते आणि मी मधून दोन दिवस जाऊन येऊ शकले असते. तू जायच्या आधी मी एकदा जाऊन आलेही होते, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आईने मला ओळखलं नाही. मला पाहून ती खाटेच्या कोपऱ्यात सरकली आणि तोंडावर हात धरून ओरडायला लागली. मी वॉर्डच्या बाहेर आले ती थेट गाडीत बसले. पुन्हा तिथे पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. आईचं जे झालं ते उद्या माझंही होईल अशी धास्ती मनात बसली, ती तेव्हापासून. तू मला भित्री भागूबाई म्हणायचीस ते झुरळांवरून. तुला बिचारीला बाकीचं काय माहीत.

तू तिथे काय काय केलंस ते तू कधी बोलली नाहीस. मला ते आईकडून कळलं, तेही तिला बरं वाटून बरीच वर्षं गेल्यावर, तुकड्यातुकड्यांनी. तू तिचे गुंतलेले केस कात्री न लावता तीन दिवस बसून सोडवलेस. ती उठून चालू लागू नये म्हणून झोपताना तुझ्या ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला आणि दुसरं तुझ्या मनगटाला बांधायचीस. ती जेवेना तेव्हा तूही समोर ताट घेऊन बसून राहायचीस, आणि शेवटी तिलाच तुझी दया यायची. वॉर्डच्या दाराशी रजिस्टर होतं. त्यात सोबतिणीचं नाव लिहायचा रकानाच नव्हता, खाटेचा नंबर, नातं आणि सही, एवढंच. परक्याला राहू देत नसत, म्हणून तू नात्याच्या रकान्यात मुलगी असं लिहिलंस. सात आठवडे, रोज सकाळी, मुलगी. आणि खाली सही अशी गिरगटलेली की ब्रह्मदेवालाही लागू नये.

अर्ज भरल्यापासून एकतिसाव्या दिवशी माझी मंजुरी आली आणि चौतिसाव्या दिवशी तुझा नकार. दोन ओळींचा कागद होता. दिलेली माहिती पडताळणीत जुळत नाही, खुलासा करायचा असल्यास वीस दिवसांत करावा. तू पलंगावर बसून तो कागद तीनदा वाचलास आणि म्हणालीस, ते रजिस्टर. इस्पितळात चौकशी झाली असेल, तुझं नाव कुठेच सापडलं नसेल, त्या खाटेपाशी पेशंटची मुलगी होती असं त्यांनी सांगितलं असेल. खोटं नातं मी लावलं, तर निस्तरायलाही मलाच हवं, असंही म्हणालीस. मग तू मला विचारलंस, तुला कुणाचा फोन आला होता का. मी नाही म्हटलं.

फोन आला होता, ठमे. सतराव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, शाळेच्या ऑफिसात. कारकून बाईंनी मला वर्गातून बोलावून नेलं. काउंटरवर फोन, मी उभी, आणि दोन हातांवर मुख्य प्रशिक्षक हजेरीपट चाळत बसलेले. पलीकडचा माणूस सभ्य होता, त्याला घाईही नव्हती. तो म्हणाला, तुमच्या मैत्रिणीने सात आठवडे इस्पितळात राहिल्याचं लिहिलंय. इस्पितळ रुग्णांची नावं सांगत नाही आणि रजिस्टरात नुसतं मुलगी एवढंच आहे. परक्यांना राहू देत नाहीत म्हणून लोक असं लिहितात, हे त्याला माहीत होतं, तसं तो स्वतःच म्हणाला. तिथे राहिलेली मुलगी म्हणजे तुमची मैत्रीणच का, आणि त्या दिवसांत ती तुमच्या खोलीवर नव्हती ना, एवढंच सांगा. म्हणजे तू एकोणीस वर्षं समजत आलीस तसं त्या रजिस्टरापायी काहीच अडलेलं नव्हतं. त्याला माझ्या तोंडून एक हो हवा होता.

आणि मी आठच दिवसांपूर्वी माझ्या वैद्यकीय अर्जात लिहून दिलं होतं, की आमच्या घरात कुणालाही मनाचा आजार नाही. हो म्हटलं की पुढचा प्रश्न कुणाची आई हा येणार, असं माझ्या डोक्यात बसलं. मी त्याला सांगितलं की ती कुठेही गेली नव्हती, सगळं वर्ष माझ्याबरोबर खोलीतच होती. त्याने थांबून पुन्हा विचारलं, नक्की का. मी नक्की म्हटलं. त्याने आभार मानले. मी वर्गात परत आले तेव्हा माझं बुडलेलं तू माझ्या वहीत उतरवून ठेवलं होतंस, ढगांचे सगळे प्रकार, चित्रांसकट.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिले, की मी आपल्या माणसाला सांभाळून घेतलं, इस्पितळाचं लचांड तुझ्यामागे नको म्हणून बोलून गेले. पण मला माहीत होतं. कारण फोनचं एक वेळ सोड, ते वीस दिवस माझ्या हातात होते. तू खुलासा लिहायला बसली होतीस. वॉर्डातल्या त्या उंच नर्सबाई तुला ओळखतात, त्या लिहून देतील, असं म्हणत होतीस. मी तुला थांबवलं. या लोकांपुढे डोकं आपटून उपयोग नाही म्हटलं, आणि तरी तू ऐकेनास तेव्हा म्हटलं, की आईला आत्ता कुठे बरं वाटतंय, तिला पुन्हा चौकश्यांमध्ये ओढू नकोस. माझ्या आईचं नाव मी तुझ्यापुढे वापरलं. तू लगेच कागदाची घडी घातलीस. काकूंना नको त्रास, म्हणालीस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस, आणि स्टँडपर्यंत तुझी बॅग उचलायला मी आले होते. गाडी सुटेपर्यंत तू मला पहिल्यांदा एकटीने सोलो उडताना काय काय लक्षात ठेवायचं ते सांगत होतीस. तुला तरी कुठे अनुभव होता, पण सांगत होतीस.

तुला आणखी एक सांगते, म्हणजे माझ्या मूर्खपणाची पुरती कल्पना येईल. आठ वर्षांनी एका वैद्यकीय तपासणीत धीर करून मी आईचा आजार बोलून दाखवला. डॉक्टरांनी तो लिहून घेतला, एका तज्ज्ञाकडे पाठवलं, त्याने अर्धा तास गप्पा मारल्या आणि सही दिली. बस, एवढंच होतं ते. बाहेर येऊन मी पायरीवर बसले.

काकांचं लिहायचं टाळत होते, पण लिहायलाच हवं. त्यांनी तुझ्यासाठी पुठ्ठ्यावर जुन्या घड्याळांच्या तबकड्या चिकटवून विमानाचा डॅशबोर्ड केला होता आणि तुला समोर बसवून, उंची किती, वेग किती, असं मास्तरांसारखं विचारायचे. तू परत गेल्यावर तुमच्याकडे दोन माणसं चौकशी करून गेली आणि आळीत कुजबूज झाली. काका त्यावर कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. सहा वर्षांनी मी त्यांना दुकानात भेटले. तू कुठलासा सुटा भाग आणायला बाहेर गेली होतीस. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून गल्ल्यावर ठेवलं आणि मला हळूच विचारलं, बाळ, तू तिथे होतीस, पोरीने नेमकं काय केलं होतं गं? आम्हाला ती सांगत नाही. मी म्हटलं, मला नाही माहीत, काका. ते म्हणाले, असू दे, वय असतं. त्याच वर्षी ते गेले. आपल्या मुलीच्या हातून काहीतरी घडलंय आणि आपण तिला माफ केलंय, अशा समजुतीत गेले. तुझी क्षमा मागायची तर मला शब्द सापडतील, पण त्यांची मागायला आता कुठे जाऊ?

आई चार महिन्यांपूर्वी गेली तेव्हा तू दोन दिवसांचा प्रवास करून आलीस, सगळं हातात घेतलंस, मला चार घास खायला लावलेस. आलेले लोक मला विचारत होते, ही तुमची बहीण का. त्या वेळी मी तुला सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, आता बोलू नकोस, पड जरा. जायच्या महिनाभर आधी आईने मला तुझ्याबद्दल विचारलं होतं. त्या पोरीच्या विमानाचं पुढे काय झालं? मी म्हटलं, नाही जमलं तिला. आई पडल्यापडल्या माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, मला वेडीला तिने नकाशा वाचायला शिकवला, तिला न जमायला काय झालं होतं. मग कूस बदलून झोपली. तिला काय काय कळलं होतं, मला माहीत नाही.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहिलंयस की अर्जात आईवडिलांपैकी कुणाला पूर्वी नकार मिळालाय का असं विचारतात, पोरीला हो लिहावं लागेल आणि माझ्यासारखंच तिच्याकडेही जन्मभर संशयाने बघतील, त्यापेक्षा तिने तिकडे वळूच नये. आणि पुढे सहज लिहून गेलीस, की आजवर मी तिला असंच सांगितलंय की विमानाजवळ गेल्यावर मला भीती वाटली, मी घाबरून परत आले. ते वाक्य वाचल्यापासून मला सुचेनासं झालंय. ठमे, मी तिला नको म्हणणार नाही. सोमवारी मी सुरक्षा कार्यालयात जाऊन सगळं लिहून दिलं, फोनचा दिवस, मी दिलेलं उत्तर, माझी आई, तुझे सात आठवडे, सगळं. तिथला अधिकारी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे. याचा परिणाम काय होईल ते समजतंय ना, असं त्याने मला तीनदा विचारलं. रेघेपलीकडे जायचा माझा पास त्यांनी ठेवून घेतला, वर्गात तेवढं शिकवू देतात, चौकशी होईपर्यंत उड्डाण बंद आणि पुढे लायसन्स राहील असं वाटत नाही. तुझ्या नावावरचा शेरा काढायला दोन-तीन महिने लागतील, मग तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर त्यांचं पत्र येईल. ते सरकारी भाषेत असेल, त्यातून तुला हे कळायला नको, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. तू मला उत्तर लिही किंवा लिहू नकोस, ते मी मागू शकत नाही. फक्त हे पत्र वाचून झालं की ठेवून देऊ नकोस, पोरीला हाक मार आणि तिच्या हातात दे. तिची आई घाबरून परत आली नव्हती. घाबरले होते मी. तिला हे आजच कळू दे.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
भागूबाई